टीका तिखट असू द्या, कडू नको

निवडणुका जवळ आल्या की घरातल्या बाईला एक जास्तीचे काम लागते. चार माणसे जेवायला बसलेली असतात, आमटी वाढून होत असते आणि कुणीतरी एखाद्या पुढाऱ्याचे नाव काढतो. पहिली पाच मिनिटे बोलणे बरे चालते. रस्ते, पाणी, महागाई, कुणी काय कबूल केले होते आणि काय केले. मग आवाज चढतात. पुढाऱ्याच्या कामावरून गाडी त्याच्या जातीवर, त्याच्या बायकोवर, त्याच्या बोलण्याच्या ढबीवर जाते. आणि शेवटी ती समोरच्या पाटावर बसलेल्या माणसावर येते. "तुम्ही लोक असलेच!" एवढे एकदा तोंडातून गेले की पुढचा घास कुणालाच गोड लागत नाही. भावजी अर्ध्या जेवणावरून उठतात, जाऊबाई डोळ्यांनीच माफी मागतात आणि यंदा भाऊबिजेला कुणी कुणाकडे जायचे हा प्रश्न आपल्यापुढे येऊन पडतो.

हल्ली त्यासाठी एकत्र जेवायला बसायचीही गरज उरलेली नाही. घरोघरी मोबाइलवर कुटुंबाचा ग्रुप असतो. सकाळी सुप्रभात, दुपारी उकडीच्या मोदकांचे फोटो आणि रात्री कुणीतरी पाठवलेला राजकारणावरचा मजकूर. त्यावर दुसऱ्याचे उत्तर, त्यावर तिसऱ्याचे. सकाळी पाहावे तर मामेभाऊ ग्रुप सोडून गेलेला!

तुम्ही म्हणाल, यावर उपाय सोपा आहे. घरात राजकारणाचा विषयच नको. पुष्कळ घरांतून असा नियमच केलेला असतो. पण मैत्रिणींनो, मला हा उपाय पटत नाही. गॅसचा भाव, मुलांच्या शाळेची फी, नळाला येणारे पाणी, सरकारी दवाखान्यातले औषध, हे सगळे राजकारणच आहे. त्याबद्दल बोलायचे नाही म्हणजे आपल्याच संसाराबद्दल बोलायचे नाही. शिवाय "तुला काय कळतंय त्यातलं?" असे म्हणून बाईला गप्प बसवण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. तिच्यात आपणच आणखी भर कशाला घालायची?

तेव्हा बोलावे, आणि जे चुकले असेल त्याला चूक म्हणून ठणकावून सांगावे. फक्त टीका आणि द्वेष यांतला फरक आपल्याला कळला पाहिजे. स्वयंपाकघरातले उदाहरण देते. तिखट झालेली भाजी डोळ्यांतून पाणी काढते, पण ती खाता येते. मिरची अंगी लागणाऱ्याला तर ती आवडते. दुधी भोपळा मात्र चिरताना आपण त्याची चकती जिभेवर ठेवून पाहतो. कडू निघाला तर गूळ घालून, चिंच घालून तो सुधारत नाही. असा दुधी खाऊन माणसे आजारी पडतात. तो सरळ टाकून द्यावा लागतो. बोलण्यातही तिखट कोणते आणि कडू कोणते, हे तसेच जिभेवर ठेवून पाहावे लागते.

शेण फेकणारे आणि लेखणी चालवणारे

हा फरक समजून घ्यायला लांब जायला नको. एकोणिसाव्या शतकातले पुणे डोळ्यांपुढे आणा.

१८४८ मध्ये भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिकवायला निघाल्या की वाटेत त्यांच्या अंगावर चिखल, शेण, खडे फेकले जात. शाळेत गेल्यावर बदलायला म्हणून त्या एक जादा लुगडे बरोबर नेत. ही गोष्ट आपण सगळ्यांनी वाचलेली आहे. तिच्याकडे आजच्या विषयाच्या दृष्टीने पाहा. शेण फेकणाऱ्याला काय म्हणायचे होते? मुलींनी का शिकू नये, त्यामुळे कुणाचे काय बिघडते, याचे एक वाक्यही त्या शेणात नव्हते. त्याला त्या बाईला उत्तर द्यायचे नव्हते. ती रस्त्यावर दिसूच नये, एवढेच त्याला हवे होते. द्वेषाची ही पहिली खूण. त्याला समोरच्याकडून काही बदल नको असतो. समोरचा माणूसच नको असतो.

आता जोतीरावांची लेखणी पाहा. १८७३ मध्ये त्यांचे 'गुलामगिरी' निघाले. ब्राह्मणांच्या वर्चस्वावर त्यांनी जी टीका केली ती इतकी जळजळीत आहे की आजही वाचताना काही जण पुस्तक मिटून ठेवतात. शब्द सौम्य असावेत अशी ज्यांची अपेक्षा, ते याला सरळ द्वेष म्हणून मोकळे होतील. पण त्याच जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. तिथे बाळंत होऊन जाणाऱ्यांत ब्राह्मण विधवा पुष्कळ असत. त्यांपैकी काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा या दांपत्याने १८७४ मध्ये आपला म्हणून दत्तक घेतला. हाच यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि त्यांतच त्या गेल्या.

ज्या वर्गाच्या वर्चस्वावर आयुष्यभर आसूड ओढला, त्याच वर्गातल्या एका निराधार बाईचे मूल मांडीवर घेतले. द्वेष करणाऱ्याच्या हातून हे झाले असते का? म्हणून म्हणते, शब्द किती तिखट आहेत एवढ्यावरून माणसाला द्वेष्टा ठरवू नये. तो तिखटपणा कशासाठी आहे ते पाहावे. ज्याने अन्याय डोळ्यांनी पाहिला आहे त्याच्या शब्दाला धार यायचीच.

जामीन कुणी दिला?

याच जोतीरावांची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्याला टिळक-आगरकरांकडे घेऊन जाते.

जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' सुरू झाला. गोपाळ गणेश आगरकर त्याचे संपादक होते. टिळक आणि आगरकर डेक्कन कॉलेजातले मित्र. दोघेही १८५६ च्या जुलै महिन्यातले, नऊ दिवसांच्या अंतराने जन्मलेले. सरकारी नोकरी करायची नाही, देशासाठी शिक्षणाचे काम करायचे, असे दोघांनी मिळून ठरवलेले. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होतो आहे, असे 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी लिहिले. तिथले दिवाण माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. त्या वेळी टिळक-आगरकरांसाठी दहा हजारांच्या जामिनाची सोय कुणी केली? जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी. 'केसरी'ची मते काही जोतीरावांच्या मतांशी जुळणारी नव्हती. आणि जामिनाची सोय केली म्हणून जोतीरावांचीही मते बदलली नाहीत. 'शेतकऱ्याचा असूड' त्यांनी पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये लिहून पुरा केला. मदत केली म्हणून टीका थांबली नाही आणि टीका करायची म्हणून मदत अडली नाही.

खटल्यात दोघांना शिक्षा झाली. १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी मिळून १०१ दिवस काढले. एका कोठडीत बसून देशाच्या भवितव्याबद्दल बोलणारे हे दोन मित्र पुढे काही वर्षांतच एकमेकांचे कडवे विरोधक झाले.

वाद होता तो तुमच्या-माझ्या आयुष्याचा. आगरकरांचे म्हणणे, समाजाची घडी आधी सुधारा. मुलींना मुलांबरोबर बसवून तेच शिक्षण द्या, बालविवाह थांबवा, विधवांचे केशवपन बंद करा. टिळकांचे म्हणणे, आधी स्वराज्य. आपल्या समाजाच्या सुधारणा परक्या सरकारच्या कायद्याने नकोत. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. १८९० मध्ये टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला. मुलीचे संमतिवय दहावरून बारा करायचे, एवढीच ती सुधारणा. पण तिच्यावरून सगळे पुणे दुभंगले. 'सुधारक' कायद्याच्या बाजूने, 'केसरी' विरुद्ध.

या वादात माझे मन पूर्णपणे आगरकरांच्या बाजूचे आहे, हे सांगून टाकते. दहा-बारा वर्षांच्या मुली रोज शाळेत माझ्यासमोर बसतात. त्यांच्याकडे पाहिले की टिळकांचा त्या वेळचा विरोध मला आजही खटकतो. असे म्हणण्याने टिळकांचा अपमान होत नाही, आणि त्यांच्या थोरवीपुढे नमस्कार करायला माझे हात अडतही नाहीत.

त्या दोघांनी आपसांतला वाद अगदी सभ्यपणे केला, असे मात्र समजू नका. संस्थेतल्या पैशांच्या आणि नियमांच्या भांडणांनी मने आधीच कलुषित झाली होती. पुढे दोन्ही पत्रांतली भाषा बोचरी झाली, वैयक्तिक गोष्टींवर घसरली. तेही माणसेच होती. पुण्यातल्या काही सनातन्यांची मजल तर त्याच्याही पुढे गेली. त्यांनी आगरकरांची, ते जिवंत असताना, प्रेतयात्रा काढली! त्यांच्या घरात पत्नी यशोदाबाई होत्या, लहान मुले होती. त्या माउलीच्या मनाचे काय झाले असेल, ते आपण बायकांनीच ओळखावे. 'केसरी'तल्या बोचऱ्या लेखाला 'सुधारका'तून उत्तर देता येत होते. पण जिवंत माणसाच्या तिरडीला काय उत्तर द्यायचे?

दम्याने पोखरलेले आगरकर १७ जून १८९५ ला गेले. वय अवघे एकोणचाळीसही पुरे नव्हते. फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल असलेल्या या माणसाने आपल्या अंत्यविधीपुरते पैसे बाजूला बांधून ठेवले होते. 'केसरी'त त्यांच्यावरचा मृत्युलेख टिळकांनी लिहिला. तो सांगताना त्यांच्या डोळ्यांचे पाणी खळत नव्हते, असे सांगतात. त्यांनी आगरकरांच्या विद्वत्तेचा, निःस्वार्थीपणाचा, करारीपणाचा गौरव केला. सुधारणांबद्दलचे आपले मत मात्र त्यांनी बदलले नाही. मत तिथेच राहिले आणि माणूसही नजरेआड झाला नाही.

वीस वर्षांनी, फेब्रुवारी १९१५ मध्ये, नामदार गोखले गेले तेव्हाही असेच झाले. जहाल टिळक आणि मवाळ गोखले यांचे वैर जगजाहीर. पण टिळक सिंहगडावरून खाली आले, स्मशानात उभे राहिले आणि हा महाराष्ट्राचा अलंकार, हा हिंदुस्थानचा हिरा गेला असे भर सभेत बोलले.

मला एवढेच वाटते की हे डोळ्यांतले पाणी माणूस जाईपर्यंत राखून ठेवू नये. आगरकर ऐकायला असताना त्यांतले एखादे वाक्य 'केसरी'त आले असते तर? 'सुधारका'तही टिळकांबद्दल तसे चार शब्द आले असते तर? आपल्या घरात तरी ही संधी अजून गेलेली नाही.

टीका बाईवर असते तेव्हा

एक गोष्ट आपण बायकांनी विशेष लक्षात ठेवायला हवी. टीका बाईवर असली की ती फार लवकर घसरते.

पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणले. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळू, असे त्यांनी सांगितले होते. मग तिथल्या विधवा मुलींचा कल ख्रिस्ती धर्माकडे होतो आहे असे दिसल्यावर पुणेकरांनी जाब विचारला, यात गैर काही नव्हते. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे त्यांचे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ही झाली टीका. पण त्याच वेळी त्यांच्या वैधव्यावर कोट्या करणारेही निघाले. नवरा मेला यात त्या बाईचा काय अपराध? आणि सदन कसे चालावे या प्रश्नाशी त्याचा काय संबंध?

आजही तेच चालते. पुरुष पुढाऱ्याला लोक नालायक म्हणतात, लबाड म्हणतात. बाई सरपंच झाली, नगरसेविका झाली, मंत्री झाली की तिची साडी, तिचे कुंकू, तिचा नवरा, तिचा आवाज, सगळे चव्हाट्यावर येते. ती आपल्याला न पटणाऱ्या पक्षाची असली तर पुष्कळ जणी त्या विनोदाला हसतातही. हसण्याआधी एवढा विचार करावा, की उद्या आपली लेक ग्रामपंचायतीला उभी राहिली तर हाच विनोद तिच्या वाट्याला येणार आहे. त्या बाईने पाण्याची योजना बुडवली असेल तर योजनेचा हिशेब मागा. तो मागायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

सत्तेला टीका झोंबतेच

आता उलट बाजू. ज्याच्या हाती सत्ता असते त्याला आपल्यावरची प्रत्येक टीका हा द्वेषच वाटतो. "हे आमचे शत्रू आहेत, हे देशाचे शत्रू आहेत" असे म्हटले की उत्तर द्यायचे काम वाचते. कोणताही पक्ष याला अपवाद नाही.

२५ जून १९७५ ला देशात आणीबाणी आली, वर्तमानपत्रांवर बंधने आली. त्याच वर्षी कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होत्या दुर्गाबाई भागवत, कुसुमावती देशपांड्यांनंतर हा मान मिळालेल्या दुसऱ्याच स्त्री. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, जे त्या वेळी दिल्लीत परराष्ट्रमंत्री होते. दुर्गाबाईंनी लेखणीच्या स्वातंत्र्यावरच्या घाल्याबद्दल तिथे स्पष्टपणे सांगितले आणि आजारी असलेल्या जयप्रकाश नारायणांना बरे वाटावे म्हणून सर्वांसह प्रार्थना केली. एका आजारी माणसासाठी केलेली प्रार्थना! पण सरकारला तीही सहन होण्यासारखी नव्हती. १९७६ मध्ये दुर्गाबाईंना अटक झाली. म्हणून "टीका करू नका, कटुता वाढते" असा उपदेश कुणी केला की आधी पाहावे, उपदेश करणारा कोण आहे आणि टीका कुणावर चालली आहे.

मुलांच्या वर्गात

मी अर्धवेळ शिकवते. निवडणुकीच्या दिवसांत पाचवीच्या वर्गात दोन मुलांनी एकमेकांबरोबर डबा खाणे सोडले. चौकशी केली तेव्हा कळले, दोघांचे वडील वेगवेगळ्या पक्षांचे काम करतात. "त्याचे बाबा चोरांच्या पार्टीत आहेत, बाई," एकाने सांगितले. काय चोरले, असे विचारल्यावर तो गप्प. घरी ऐकलेला शब्द त्याने डब्याबरोबर शाळेत आणला होता.

त्या आठवड्यात निबंधाऐवजी मी सगळ्या वर्गाला आपल्या वॉर्डातल्या नगरसेवकाला पत्र लिहायला सांगितले. रागवा, म्हटले, पण शिवी नको आणि कुणाच्या आईबापांचा उल्लेख नको. पहिल्या दिवशी कुणाला दोन ओळींपलीकडे लिहिता येईना. मग मुले घरी जाऊन विचारून आली. नळ आठवड्यात किती दिवस आला, रस्त्यावरचा दिवा कधीपासून बंद आहे, कचऱ्याची गाडी किती वाजता येते. दुसऱ्या दिवशी पाने भरली. त्या दोघांपैकी एकाने पाण्याबद्दल लिहिले आणि दुसऱ्याने दिव्याबद्दल. दोघेही एकाच गल्लीत राहतात, हे दोघांनाही तेव्हा जाणवले! टीका करायची तर माहिती लागते, चार ठिकाणी विचारावे लागते. द्वेषाला यातले काही लागत नाही. म्हणून तर तो इतक्या स्वस्तात मिळतो.

घरात एवढे करून पाहा

वाद चढू लागला की मनाशी तीन-चार प्रश्न विचारावेत. बोलणे चालले आहे ते माणसाने काय केले याबद्दल, की तो कोण आहे याबद्दल? हेच काम आपल्या आवडत्या पुढाऱ्याने केले असते तर आपण असेच बोललो असतो का? समोरच्याने चूक सुधारली तर आपण ती मान्य करू, की तेव्हाही दुसरे खुसपट काढू? आणि त्याच्या घरी दुःख झाले तर आपल्याला वाईट वाटेल, की आतून बरे वाटेल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कुणाला सांगायचे नसते. ते आपले आपल्याला कळले तरी पुरे.

पाहुण्यांचा आवाज चढला तर "राहू द्या हो ते राजकारण" म्हणून त्यांना गप्प करण्यापेक्षा विषय कामावर आणावा. "ते कसे आहेत ते जाऊ द्या, पण आपल्या भागातल्या दवाखान्याचं काय झालं, भावजी?" असे विचारावे. निम्मी वाफ तिथेच जाते. ग्रुपवर आलेला मजकूर पुढे पाठवण्याआधी तो मोठ्याने वाचून पाहावा. घरातल्या मुलासमोर वाचायची लाज वाटली तर तो तिथेच पुसावा. आणि कुणी एखाद्या जातीबद्दल, धर्माबद्दल, बायकांबद्दल हीन बोलले, तर "ज्याचं त्याचं मत" म्हणून हसून सोडू नये. ते मत नव्हे, सावित्रीबाईंवर फेकलेले शेणच ते. "माझ्या घरात हे चालणार नाही," असे शांतपणे पण स्पष्ट सांगावे. यजमानीणबाईला तेवढा अधिकार नक्कीच आहे.

मत ज्याला द्यायचे त्याला द्या. नाही पटले तर पुढच्या वेळी पाडा, पत्र लिहा, मोर्चात जा, सभेत उठून प्रश्न विचारा. आणि भाऊबिजेला भावाला ओवाळायला जा. त्याने कुणाला मत दिले ते तुम्हाला ठाऊक असले तरी जा. जेवणे झाल्यावर पाण्याच्या योजनेवरून त्याच्याशी कडकडून भांडायला मग मोकळ्या!